पुढं म्हंजे कुठं?

आमच्या खात्यात एक शब्द आहे, त्याचा मला आता राग येतो. तो शब्द म्हणजे 'पुढं'. तालुक्याच्या दवाखान्यात पेशंट आला, हे आपल्याच्यानं होणार नाही असं वाटलं, की डॉक्टर केसपेपरवर दोन इंग्रजी शब्द खरडतात आणि नातेवाइकांच्या तोंडाकडे न बघता सांगतात, "पुढं न्या." नातेवाईक बिचारे बाहेर येऊन फोनवर घरच्यांना सांगतात, "पुढं न्यायला सांगितलंय." पुढं म्हणजे कुठल्या गावी, कुठल्या दवाखान्यात, तिथं खाट रिकामी आहे का, हे सांगणारा कुणी नसतो आणि विचारणाराही नसतो. मी स्वतः नऊ वर्षं हा शब्द वापरला. शपथेवर सांगतो, त्या नऊ वर्षांत मला त्यात काही चुकीचं आहे असं एकदाही वाटलं नाही.

ते वाटायला लावलं सरवदे सिस्टरनी. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या आयसीयूच्या इन्चार्ज होत्या. मी हिमायतनगरच्या बाजूला एका गावात मेडिकल ऑफिसर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाचा त्यात काही दोष नव्हता, दोष आमचा होता. एका सकाळी दवाखान्याच्या फोनवर बाईचा आवाज आला.

"डॉक्टर, तुमचा एक पेशंट हितं आलाय. कागदावर लिवलंय, पुढील उपचारासाठी पुढं पाठवण्यात येत आहे. पुढं म्हंजे कुठं?"

"म्हणजे... नांदेडला."

"नांदेड लई मोठं हाय, डॉक्टर. रेल्वे स्टेशन बी नांदेडातच हाय. कुठल्या वॉर्डात पाठवायलाव, कुणाशी बोललाव?"

"बोललो नाही कुणाशी. तिथं डॉक्टर असतातच ना."

"मग तुमी पेशंट पाठवला न्हाई. सोडून दिला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला सणकून राग आला. एक नर्स मला शिकवते! दिवसभर मी स्टाफसमोर त्या बाईची टिंगल केली. 'पाठवला न्हाई, सोडून दिला' हे वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि सगळे हसले. तेव्हा हसलेलं आठवलं की आजही मान खाली जाते.

सिस्टर ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि चालायच्या फार सावकाश. आयसीयूत बाकीचे धावत असताना ही बाई चालत असायची आणि तरी सगळ्यांच्या आधी खाटेजवळ पोचलेली असायची. "घाई करू नका, लवकर करा," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. हे एकच आहे की दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला माझी बरीच वर्षं गेली. पांढऱ्या कोटाखाली कमरेला गॉजची पट्टी बांधलेली, आणि तिला ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी अडकवलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या चावीशिवाय सिलिंडरचं तोंड उघडत नाही, मग तो काठोकाठ भरलेला का असेना. सिस्टर चालल्या की ती चावी वाजायची. शिकाऊ मुली पाठीमागं त्यांना 'चावीवाल्या मॅडम' म्हणायच्या आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दुसरी खूण म्हणजे डाव्या हातावरची चिकटपट्टी. पेशंट हलवायचा ठरला की त्या सलाईनला लावायच्या चिकटपट्टीचा लांब तुकडा मनगटापासून कोपरापर्यंत चिकटवायच्या आणि त्यावर पेनानं पेशंटचं सगळं लिहायच्या: नाव, वजन, नाडी, प्रेशर, दिलेली औषधं, पुढच्या माणसाचं नाव आणि फोन. कागद उडतो, हरवतो, भिजतो. हात कुठं जात नाही, असं त्या म्हणत. ड्युटी संपली तरी पट्टी काढायचं भान राहत नसे. लातूरकडच्या मुरुडला पुतणीच्या लग्नात वधूवरांवर फुलं टाकताना हातावर कुणाचं तरी प्रेशर तसंच होतं. नवरदेवाच्या आईनं विचारलं, "हे काय गोंदलंय हो, बाई?" तर सिस्टर म्हणाल्या, "गोंदलं न्हाई. पेशंट हाय."

मुरुडजवळचंच त्यांचं गाव. वडील तेलाच्या गिरणीत हमाल होते. गिरणीत, सोसायटीत, कुठंही कागद पुढे आला की ते अंगठा द्यायचे आणि शाई डोक्याच्या केसांना पुसायचे. त्या घरात पहिली सही सिस्टरची. त्यामुळे असेल, पण सही करायला त्यांना वेळ लागायचा. आधी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं: सुमन लिंबाजी सरवदे. मागे रांग लागली तरी त्यांना फरक पडत नसे. "सही म्हंजे मी तिथं हुते. नसले तर कशाला करू?" असा त्यांचा हिशेब होता. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का ते मी कधी विचारलं नाही.

पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात सुखरूप कसा न्यायचा, याचं प्रशिक्षण त्या द्यायच्या. हे त्यांना कुणी दिलेलं काम नव्हतं. आधी स्वतःच्या वॉर्डातल्या मुलींना शिकवलं, मग आसपासचे दवाखाने बोलवायला लागले, मग वरच्या साहेबांनाही कळलं की असं काही चालतं आणि ते आपल्या अहवालात घालता येईल. त्यातून लातूरला एका सभागृहात मोठं शिबिर ठरलं. माझा एक मित्र तिथं होता, त्यानं सांगितलेली ही गोष्ट. साहेब नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांचे. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवत तासभर भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "आता सिस्टर दोन शब्द सांगतील."

सिस्टर म्हणाल्या, "सांगत न्हाई, दाखवते. साहेब, तुमी झोपा."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब हसत हसत स्ट्रेचरवर झोपले. सिस्टरनी पट्टे आवळले, चष्मा काढून घेतला, हाताला सलाईनची नळी चिकटवली आणि चार जणांना सांगितलं, "पुढं न्या." त्यात माझा मित्र एक. त्यांनी स्ट्रेचर सभागृहाबाहेर काढलं, उतारावरून खाली नेलं, आवारातल्या खडीवरून ढकलत नेलं. दर हिसक्याला साहेबांचं डोकं आपटत होतं. "अरे, कुठं नेताय?" साहेब ओरडले. चौघं म्हणाले, "माहीत नाही साहेब. पुढं." सिस्टरनी त्यांना असंच सांगायला बजावलं होतं. शेवटी सायकल स्टँडजवळ उन्हात त्यांनी साहेबांचं स्ट्रेचर उभं केलं आणि सगळे चहाला गेले. पाचच मिनिटं. पण पट्टे बांधलेल्या माणसाला ती पाच मिनिटं बरीच मोठी वाटली असणार.

साहेबांना परत सभागृहात आणल्यावर सिस्टरनी चष्मा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "साहेब, भीती कशाची वाटली?"

साहेब चष्मा पुसत बसले. सगळं सभागृह हसत होतं, आणि तिथंच सिस्टरचं चुकलं असं माझा मित्र म्हणतो. मी म्हणतो, हसणाऱ्यांचं चुकलं. कारण प्रश्न गमतीचा नव्हता.

आमच्या दवाखान्यात मात्र हे प्रशिक्षण आलंच नाही. पत्र आलं होतं, मीच 'स्टाफ कमी आहे' असं लिहून परत पाठवलं होतं.

आणि मग कौसल्या आली. तिशीतली बाई, अंगणवाडीत काम करायची. न्यूमोनिया झालेला, श्वास भात्यासारखा चाललेला. तिला घेऊन नवरा दत्ता आला, तेव्हा भर दुपार होती. ऑक्सिजन लावल्यावर तिला जरा बरं वाटलं, नवऱ्याला ती म्हणालीसुद्धा की पोरीला शाळेतून आणायला कुणाला तरी सांगा. पण इथं ठेवण्यात अर्थ नव्हता. मी केसपेपरवर लिहिलं आणि म्हणालो, "पुढं न्या." नांदेडला फोन केला नाही. बरोबर नर्सही दिली नाही, कारण लेबर रूममध्ये एक बाळंतपण अडलं होतं आणि आम्ही सगळे तिथं होतो. गाडीवर ड्रायव्हर इस्माईलभाई, मागं कौसल्या आणि तिच्या तोंडावर मास्क धरून बसलेला दत्ता. गाडीत सिलिंडर होता. भरलेला होता. सकाळीच मी स्वतः तसं वहीत लिहिलं होतं.

चावी गाडीत नव्हती. आमच्या दवाखान्यात चाव्या सारख्या हरवायच्या, म्हणून कुणीतरी शहाणपणा करून उरलेली एकुलती एक चावी सुतळीनं वॉर्डातल्या खिडकीच्या गजाला बांधून टाकली होती. वॉर्डातला सिलिंडर उघडायचा तर चावी तिथंच हाताशी. हरवायची भीतीच नाही. त्या युक्तीचं मी कौतुकही केलं होतं.

इस्माईलभाईनं निघताना नळी जोडली, मास्क लावला. सिलिंडर कुणीतरी उघडून दिला असेल असं त्याला वाटलं. दहा-बारा किलोमीटरवर कौसल्या काळीनिळी पडायला लागली तेव्हा त्यानं गाडी थांबवून बघितलं. मग मला फोन केला, तीन वेळा. माझा फोन टेबलाच्या खणात होता. मग त्यानं जे केलं ते त्याच्या जागी कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं. भोकरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गॅरेज होतं, तिथं गाडी लावली आणि मेकॅनिकला म्हणाला, "भाई, ये खोल दे, अंदर जान है." मेकॅनिक आपलं काम टाकून धावत आला. पाना बसेना, घसरायला लागला. दुसरा आणला, तिसरा आणला. शेवटी पाइपाच्या पान्यानं तोंड फिरलं आणि हवा सुटली. तोवर उशीर झाला होता. एवढा सगळा वेळ दत्ता मास्क तसाच घट्ट धरून बसला होता. त्यात काही येत नव्हतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नांदेडला पोचल्यावर अर्ध्या तासात कौसल्या गेली.

गाडी आली तेव्हा ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टर फाटकाशीच होत्या. पेशंट आत गेल्यावर त्या गाडीत चढल्या आणि सिलिंडर बघितला. पितळी तोंडावर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांना विचारायची गरज पडली नाही. थोड्या वेळानं मला फोन आला.

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात सिलिंडरची चावी कुठं असती?"

"खिडकीला बांधलेली असते."

"बांधलेली," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरा संताप येतो तो पुढचं लिहिताना. चौकशी लागली. चौकशीला हेच साहेब, लातूरला स्ट्रेचरवर झोपलेले. पहिला अहवाल आठवडाभरात तयार झाला. त्यात लिहिलं होतं की चालकानं रुग्णवाहिका विनाकारण एका गॅरेजवर थांबवली आणि त्या विलंबामुळे रुग्ण दगावला. विनाकारण! मी ते वाक्य वाचलं आणि गप्प बसलो. इस्माईलभाईला गाडीवरून उतरवलं. ज्या एका माणसानं त्या दिवशी काहीतरी केलं होतं, त्याच्यावरच सगळं खापर फुटलं. दत्ताच्या गावातली माणसं इस्माईलभाईच्या घरावर चालून गेली. त्याची पोरगी कॉलेजला जायची बंद झाली.

मग साहेबांकडून माणूस एक रजिस्टर घेऊन आला. त्यात घटनेच्या दोन महिने आधीची तारीख टाकून लिहिलं होतं की आमच्या दवाखान्यातल्या सर्वांना रुग्ण हलवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. खाली नावं. ही सही म्हणजे काय, हे न कळण्यासारखं नव्हतं. सगळ्यांचं प्रशिक्षण झालं होतं, म्हणजे खातं सुटलं, मी सुटलो. उरला तो शिकूनही चावी विसरणारा ड्रायव्हर. मला हे कळलं होतं. तरी मी सही केली. बायको म्हणाली, पोरं लहान आहेत, पण तिनं सांगितलं म्हणून केली असं मी म्हणणार नाही. मी घाबरलो होतो, म्हणून केली. माझ्यामागं दोन नर्सनी केली. फक्त प्रशिक्षण देणाऱ्याची सही राहिली होती, आणि तिथं नाव होतं सुमन सरवदे.

ती सही घ्यायला साहेबांनी त्यांना चौकशीच्या सुनावणीच्याच दिवशी बोलावलं. मी खुर्चीवर बसलो होतो, शेजारी जबाब लिहून घेणारा कारकून, इस्माईलभाई बाहेर व्हरांड्यात उभा होता. साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "सिस्टर, तुमची तेवढी राहिली आहे. करून टाका."

सिस्टरनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"हे शिबिर झालं न्हाई," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, कागद पूर्ण करायचाय फक्त. तुम्ही इतकी शिबिरं घेतलीत, त्यात एक हे."

"ह्यो अंगठा कुणाचा?"

मी तोवर पानाचा तो भाग नीट बघितलाच नव्हता. इस्माईलभाईच्या नावापुढे जांभळ्या शाईचा अंगठा होता. ड्रायव्हर माणूस, त्यात मुसलमान, म्हणजे अडाणीच असणार असं धरून चालून कुणीतरी कुणाचा तरी अंगठा उठवून मोकळा झाला होता.

सिस्टर दारापर्यंत गेल्या. "इस्माईलभाई, आत या." त्यांनी हातावरची चिकटपट्टी फाडली, टेबलावर चिकटवली आणि कोरी जागा दाखवून त्याच्या हातात पेन दिला. "सही करा."

इस्माईलभाईनं वाकून पट्टीवर पेन टेकवला. त्यानं मराठीत सही केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली उर्दूतही केली.

"ह्यो माणूस दोन भाषांत सही करतो," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला होता. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "माझा बाप अंगठा द्यायचा, कारण त्याला कुणी शिकवलं न्हाई. ह्याला येतंय, तरी तुमी त्याचा अंगठा केला! आन् वर मलाच म्हणता, सही कर?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, ही सही तुमची हाय का?"

"हो."

"शिबिर झालं हुतं का?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला, डॉक्टर. ह्यांना लिहून घ्यायचंय."

"नव्हतं झालं," मी म्हणालो. "चावी वॉर्डाच्या खिडकीला बांधलेली होती. मी नांदेडला फोनही केला नव्हता. इस्माईलभाई पाना शोधायला थांबला होता." एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं. त्याचं श्रेय मी घेत नाही. माझ्यासमोर ती बाई उभी नसती तर मी आजही गप्प असतो.

इस्माईलभाई काही महिन्यांनी पुन्हा गाडीवर आला. अहवालातून 'विनाकारण' हा शब्द गेला. मला नोटीस मिळाली, ती मिळायलाच हवी होती. रजिस्टर कुणी तयार केलं याचा तपास मात्र कुणी केला नाही, आणि करणारही नाही. साहेबांची बढती झाली.

आणि सिस्टर? त्यांचं प्रशिक्षणाचं काम 'प्रशासकीय कारणास्तव' बंद केलं. आयसीयूतून त्यांना काढलं आणि ओपीडीच्या केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. नाव, वय, गाव, कशासाठी आलात. उभ्या आयुष्यात ज्या बाईनं शेकडो माणसं जिवंत पोचवली, तिला गाव विचारायला बसवलं! त्या खिडकीसमोरून मोठे मोठे डॉक्टर रोज जायचे, त्यातले निम्मे तिच्या हाताखाली शिकलेले. एकानंही विचारलं नाही, हे काय चाललंय म्हणून. मीही विचारलं नाही. मला तर तोंडच नव्हतं.

इस्माईलभाई परत गाडीवर आल्यानंतरचा दुसरा की तिसरा रविवार असेल. सकाळी आमच्या दवाखान्याच्या दारात एसटीतून उतरून सिस्टर उभ्या. हातात पिशवी. मला वाटलं, आता मला शिव्या द्यायला आल्या. त्या थेट वॉर्डात गेल्या, खिशातली कात्री काढली आणि खिडकीची सुतळी कापली. चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ही चावी खिडकीची न्हाई, सिलिंडरची हाय." मग रुमालाची गाठ सोडली. आत सहा नव्या चाव्या होत्या, नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका लोहाराकडून करून आणलेल्या. प्रत्येक सिलिंडरला एकेक, साखळीनं.

"सगळ्यांला बोलवा," त्या म्हणाल्या. "झाडणाऱ्या मावशीला बी. ड्रायव्हरला पहिल्यांदा. गाडी तो चालवतो आन् शिकताना त्यालाच भाईर बसवता तुमी."

दिवसभर त्यांनी आमचा घाम काढला. मला स्ट्रेचरवर झोपवून तीन वेळा गाडीत चढवलं, उतरवलं. नळ्या कुठं बांधायच्या, सलाईन कुठल्या हाताला ठेवायचं, मॉनिटर पेशंटच्या पायाशी का ठेवायचा. "नांदेडला जायला किती वेळ लागतो?" दीड तास, कुणीतरी म्हणालं. "आन् भोकरला रेल्वेचं फाटक लागलं तर? टायर फुटलं तर? जायला लागतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घ्या, नाहीतर निघू नका." मग पुढच्या दवाखान्यात फोन कसा करायचा. फोन उचलणाऱ्याचं नाव विचारायचं, लिहायचं, खाट मिळाली का ते त्याच्या तोंडून ऐकायचं. आणि शेवटी एक नियम: ड्रायव्हरनं गाडी सुरू करताना नुसतं 'चला' म्हणायचं नाही. मोठ्यानं सांगायचं, कुठं चाललोय, कुठल्या वॉर्डात, कोण वाट बघतंय. ते सांगता आलं नाही तर चावी फिरवायची नाही, ना सिलिंडरची, ना गाडीची. इस्माईलभाईनं ते सहा वेळा म्हणून दाखवलं. सातव्यांदा त्याला कौसल्या आठवली आणि तो खाली बसला. सिस्टर त्याच्याजवळ बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "उठा. आजून एकदा."

संध्याकाळी त्यांनी पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर आमची सगळ्यांची नावं होती.

"आता सही करा, डॉक्टर. तारीख आजची टाका."

मी केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. माझ्या सहीखाली त्यांनी आपली केली, एकेक अक्षर सुटं.

त्यानंतर आमच्याकडून शेकडो पेशंट नांदेडला गेले. काही वाचले, काही नाही. पण पत्ता नसताना एकही गेला नाही. आजूबाजूच्या दवाखान्यांत मात्र अजून तेच चालतं, धर्माबादपासून देगलूरपर्यंत मी ऐकतो: पुढं न्या, पुढं न्या. ज्या बाईला शिकवता येत होतं तिला खिडकीत बसवून ठेवलं होतं, तर दुसरं काय होणार?

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी दवाखान्यात कार्यक्रम ठरला नव्हता. वर्गणी काढायची कुणाची हिंमत झाली नाही म्हणे. ऑपरेशन थिएटरचा पडदा शिवणाऱ्या शिंप्यालाही इथं शाल-नारळ मिळतो. मी आणि इस्माईलभाई संध्याकाळी त्यांना पोचवायला नांदेडच्या स्टँडवर गेलो. सामान फार नव्हतं, एक पिशवी आणि त्या वह्या. आता सात झाल्या होत्या. खिडकीवर बसूनही सुट्टीच्या दिवशी त्या कुठल्या ना कुठल्या गावी जातच होत्या. कमरेची चावी तशीच होती.

"सिस्टर, त्यांनी तुमच्यावर अन्याय केला," मी म्हणालो. हे वाक्य मी दीड वर्ष पोटात ठेवलं होतं, आणि स्टँडवर, कुणी ऐकणारं नसताना बोललो.

"केला," त्या म्हणाल्या. "तवा कुठं हुतात?"

तेवढ्यात लातूरची गाडी लागली. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. इस्माईलभाईनं पिशवी खिडकीतून आत दिली. सिस्टर दारातून कशाबशा चढल्या आणि पहिल्याच पायरीवर, दांड्याला धरून अडकल्या. मागून कंडक्टर तिकिटाचं मशीन वाजवत ओरडला, "ओ मावशी, पुढं चला! पुढं सरका पुढं!"

सिस्टर वळल्या. मी खालूनही त्यांचा चेहरा बघून ओळखलं, आता काय येणार ते.

"पुढं म्हंजे कुठं?"

कंडक्टर क्षणभर गडबडला. बिचारा तरुण पोरगा. मग त्यानं मान उंच करून आत बघितलं, बोट दाखवलं आणि म्हणाला, "चौथ्या सीटपाशी जागा हाय, मावशी. दांड्याला धरा. ती निळ्या साडीवाली बाई अहमदपूरला उतरते, तिच्या जागी बसा."

"हां," सिस्टर म्हणाल्या. "आसं सांगावं माणसाला."

आणि त्या सावकाश, चावी वाजवत, चौथ्या सीटकडे गेल्या.